ऐकलेले आणि पारखलेले : ज्यू मौखिक परंपरा आणि इस्लामची शिकवण

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काहींच्या मनात नक्कीच आलं असेल की, बुद्धविहारात ज्यू आणि मुसलमानांच्या धर्माची चर्चा कशाला? प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षे ते जगातले धर्म वाचत होते, तपासत होते, तोलत होते. ऐकीव माहितीवर त्यांनी कुठल्याच धर्माबद्दल मत बनवलं नाही. त्यांचे अनुयायी म्हणवणाऱ्यांनी शेजाऱ्याच्या धर्माबद्दल निदान चार गोष्टी नीट समजून घ्यायला नकोत का?

आणि शेजारी तर आपल्याला भरपूर आहेत. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झालं, बोईसरला औद्योगिक वसाहत उभी राहिली. विदर्भ-मराठवाड्यातून आपली माणसं आली, उत्तर प्रदेश-बिहारमधून मुसलमान कामगार आले, इथले आदिवासी, कोळी, वंजारी, कोकणी मुसलमान, पारशी तर आधीपासून होतेच. एकाच कंपनीत, एकाच पाळीत, एकाच डब्यातली भाकरी खाणारी ही माणसं. पण एकमेकांच्या धर्माबद्दल जे माहीत असतं ते बहुधा चहाच्या टपरीवर ऐकलेलं असतं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये इस्रायल आणि गाझा यांच्यात युद्ध पेटलं. तेव्हा आपल्याकडची पोरंसुद्धा मोबाईलवर बघून सांगू लागली की, ज्यू आणि मुसलमानांचं हाडवैर हजारो वर्षांचं आहे, त्यांचं काही जमणारच नाही. मला वाटतं, हे अर्धवट ऐकलेलं ज्ञान आहे. त्या दोन धर्मांच्या पोटात शिरलं की इतकं साम्य दिसतं की माणूस चक्रावून जातो. आणि हे साम्य पाहायला फार लांब जायला नको. आपल्याच कोकणात त्याचा पुरावा आहे.

तोंडी परंपरा म्हणजे काय?

सुरुवात आपल्या घरापासून करू. तथागत भगवान बुद्धांनी स्वतः एक ओळ लिहिली नाही. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पहिली संगीती भरली. आनंदाने धम्म म्हणून दाखवला, उपालीने विनय म्हणून दाखवला. हा उपाली कोण? शाक्यांचा न्हावी! संघाच्या सगळ्या शिस्तीची जबाबदारी एका न्हाव्याच्या स्मरणशक्तीवर सोपवली गेली, हे ध्यानात ठेवा. पुढे त्याचं काम पडणार आहे. त्यानंतर काही शतके भिक्खूंनी हे सगळं पाठ करून सांभाळलं. त्यांना भाणक म्हणत. कोणी दीघनिकायाचे भाणक, कोणी मज्झिमनिकायाचे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सिंहलद्वीपात, म्हणजे श्रीलंकेत, त्रिपिटक ताडपत्रावर लिहून काढण्यात आलं. म्हणून तर बहुतेक सुत्तांची सुरुवात, मी असं ऐकलं आहे, या अर्थाच्या शब्दांनी होते. आणि बुद्धाच्या शिष्याला पालीत शब्द आहे सावक, म्हणजे श्रावक. ऐकणारा.

आता ज्यू लोकांकडे वळू. त्यांचा मुख्य ग्रंथ तोरा. मोशे यांना सीनाय पर्वतावर देवाकडून तो मिळाला, अशी त्यांची श्रद्धा आहे. पण ज्यू धर्मपंडित सांगतात की, त्या दिवशी दोन तोरा मिळाले. एक लिहिलेला आणि दुसरा तोंडी. लिहिलेल्यात नियम असतो, पण तो पाळायचा कसा ते तोंडी तोरात असतं. उदाहरणार्थ, शब्बाथ म्हणजे शनिवारी काम करू नये असं लिहिलंय. पण काम कशाला म्हणायचं? चूल पेटवणं काम आहे का? गाठ मारणं काम आहे का? हे सगळं गुरूने शिष्याला तोंडाने सांगायचं. इसवी सन २०० च्या सुमारास यहुदा हनासी नावाच्या पंडिताने हे ज्ञान एकत्र केलं. त्या संग्रहाला मिश्ना म्हणतात. मिश्नावर पुढे तीनेकशे वर्षे चर्चा झाली, वादविवाद झाले, गोष्टी सांगितल्या गेल्या. त्या सगळ्यांचा मिळून तालमूद झाला.

इस्लामचं बघा. कुराण या शब्दाचा अर्थच मुळी म्हणून दाखवणे, पठण. पैगंबर मुहंमद साहेबांना जो पहिला संदेश मिळाला असं मुसलमान मानतात, त्यातला पहिला शब्द इक्रा, म्हणजे वाच, म्हण. ज्यूंची जी रोजची मुख्य प्रार्थना आहे तिचं नाव शमा, आणि शमा म्हणजे ऐक! एक म्हणतो ऐक, दुसरा म्हणतो म्हण. आणि आपण श्रावक. कान आणि तोंड, यांच्यावरच तिन्ही परंपरा उभ्या राहिल्या.

पैगंबर साहेब इ.स. ६३२ मध्ये वारले. तिसरे खलिफा उस्मान यांच्या काळात कुराणाची प्रमाण प्रत तयार झाली. पण पैगंबर साहेब कसे वागले, काय बोलले, कुठल्या प्रसंगी काय निवाडा दिला, हे लोकांच्या तोंडी राहिलं. त्याला हदीस म्हणतात. इमाम बुखारी यांनी नवव्या शतकात हदीसचा जो संग्रह केला तो सर्वांत प्रमाण मानला जातो. हदीसची एक खास रीत आहे. आधी साखळी सांगायची. मला अमक्याने सांगितलं, त्याला तमक्याने, त्याने ते पैगंबर साहेबांच्या सहकाऱ्याकडून ऐकलं. साखळीतला एखादा माणूस खोटा निघाला की ती हदीस कच्ची. मिश्नामध्येही अशीच साखळी आहे. मोशेकडून यहोशवाकडे, त्याच्याकडून वडीलधाऱ्यांकडे, त्यांच्याकडून संदेष्ट्यांकडे, असं करत करत पंडितांपर्यंत. लिहिलेला ग्रंथ एक आणि तो कसा आचरायचा हे सांगणारी तोंडी परंपरा दुसरी, ही रचना दोन्ही धर्मांत अगदी सारखी आहे.

दोरा, माती आणि उपवास

रचना सारखी असेल, पण आतला मजकूर? तोही पाहू. मी चार-पाचच उदाहरणे देतो.

पहाट झाली हे कसं ओळखायचं? घड्याळ तर नव्हतं. मिश्ना सांगते की, निळा आणि पांढरा रंग वेगळा ओळखू आला की सकाळची प्रार्थना म्हणायला हरकत नाही. कुराण रमजानच्या उपवासाबद्दल सांगतं की, पहाटेचा पांढरा दोरा काळ्या दोऱ्यापासून वेगळा दिसेपर्यंत खाता-पिता येतं. सेहरीची वेळ ती हीच.

प्रार्थनेआधी हात धुवायचे, पण पाणीच नसेल तर? तालमूद म्हणतो, मातीने हात स्वच्छ केले तरी चालेल. कुराण म्हणतं, पाणी न मिळाल्यास स्वच्छ मातीने तोंड-हात पुसावेत. त्याला तयम्मुम म्हणतात. दोन्ही धर्म कोरड्या मुलखातले. पाण्याची अडचण दोघांनाही सारखीच, आणि सोडवणूकही सारखीच.

घटस्फोट झालेल्या बाईने दुसरं लग्न करण्याआधी किती थांबावं? मिश्नात तीन महिने, कुराणात तीन मासिक पाळ्या. कारण हेच की, पोटात मूल असेल तर ते कोणाचं याचा घोळ होऊ नये.

उपवासाचं तर अगदी स्पष्ट आहे. ज्यूंचा सर्वांत मोठा उपवास त्यांच्या तिश्री महिन्याच्या दहाव्या दिवशी असतो. हदीसमध्ये सांगितलं आहे की, पैगंबर साहेब मदिनेला आले तेव्हा तिथले ज्यू मोशेच्या सुटकेची आठवण म्हणून उपवास करत होते. तेव्हा त्यांनी स्वतःही तो धरला आणि अनुयायांना धरायला सांगितला. तो मोहरमचा दहावा दिवस, आशुरा. पुढे रमजानचे रोजे सक्तीचे झाले आणि आशुराचा उपवास ऐच्छिक राहिला. मदिनेत सुरुवातीचे सोळा-सतरा महिने मुसलमान नमाजही जेरुसलेमकडे तोंड करून पढत. नंतर मक्केकडे तोंड करण्याचा आदेश आला. आपल्या कोकणातून पाहिलं तर दोन्ही गावं पश्चिमेलाच. म्हणून इथला ज्यू आणि इथला मुसलमान दोघेही समुद्राकडेच तोंड करून प्रार्थना करतात.

आता एक गोष्ट सांगतो. अब्राहाम, ज्यांना मुसलमान हजरत इब्राहीम म्हणतात, ते दोन्ही धर्मांचे मूळपुरुष. ज्यूंच्या तोंडी परंपरेत असं आहे की, त्यांच्या वडिलांचं मूर्तींचं दुकान होतं. एकदा अब्राहामांनी दुकानातल्या सगळ्या मूर्ती फोडल्या आणि काठी सर्वांत मोठ्या मूर्तीच्या हातात दिली. वडील आले, संतापले. अब्राहाम म्हणाले की, या मोठ्याने बाकीच्यांना मारलं. वडील म्हणाले, त्यांना कुठे काही कळतं? तेव्हा अब्राहामांनी उलट विचारलं की, मग कशाला पुजता? पुढे राजाने त्यांना आगीत टाकलं आणि ते सुखरूप बाहेर आले. ही गोष्ट लिखित तोरामध्ये कुठेही नाही. ती फक्त पंडितांच्या तोंडून आलेल्या गोष्टींत आहे. आणि कुराणात ती आहे! तिथेही इब्राहीम सगळ्या मूर्ती फोडतात, मोठी तेवढी ठेवतात, आणि लोकांना म्हणतात, तिलाच विचारा. तिथेही आग आहे आणि सुटका आहे. म्हणजे अरबस्तानातल्या ज्यूंच्या घरात, बाजारात, तांड्यावर सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी तिथल्या साऱ्यांच्याच कानावर होत्या, हे उघड आहे.

मग कोणी कोणाचं घेतलं? यावर मोठा वाद आहे. अब्राहाम गायगर नावाच्या जर्मन ज्यू विद्वानाने १८३३ साली याच विषयावर पुस्तक लिहिलं. मुहंमद साहेबांनी ज्यू धर्मातून बरंच घेतलं, असं त्याचं म्हणणं. त्याचं इंग्रजी भाषांतर १८९८ साली आपल्या मद्रासला छापलं गेलं. मुसलमानांचं म्हणणं वेगळं. ते म्हणतात, मोशेलाही संदेश पाठवणारा तोच आणि मुहंमद साहेबांनाही पाठवणारा तोच, मग बोलणं सारखं असणारच. आपण बौद्ध आहोत. देवाने पाठवलं की नाही हा आपला प्रश्न नाही. आपण एवढंच पाहायचं की, माणसं शेजारी राहिली की ज्ञान एका घरातून दुसऱ्या घरात जातं. आणि ते एकाच दिशेने गेलं नाही. बाराव्या शतकातला सर्वांत थोर ज्यू पंडित मैमोनिदेस हा इजिप्तमध्ये मुसलमान राजवटीत वैद्य होता. त्याने आपला तत्त्वज्ञानाचा मोठा ग्रंथ अरबी भाषेत लिहिला. मदिनेत ज्यू टोळ्यांशी मुसलमानांच्या लढाया झाल्या, रक्त सांडलं, तोही इतिहास आहे. तो लपवायचं कारण नाही. पण भांडणाचा तेवढा इतिहास सांगायचा आणि देवाणघेवाणीचा गाळायचा, ही लबाडी झाली.

कोकणातले शनिवार तेली

आता आपल्या किनाऱ्यावर येऊ. रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ नवगाव आहे. फार पूर्वी तिथल्या समुद्रात एक गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचे आपण वंशज, असं बेने इस्रायल समाज सांगतो. पुस्तकं बुडाली. उरलं काय? जे तोंडपाठ होतं ते. शमाची प्रार्थना, आठव्या दिवशी मुलाची सुंता, शनिवारची सुट्टी आणि खाण्याचे नियम. कोकणात ते तेलाचा घाणा चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोकांनी नाव ठेवलं शनिवार तेली. गावावरून आडनावं पडली, दिवेकर, रोहेकर, केहिमकर, नवगावकर. भाषा मराठी, लुगडं मराठी.

पुढे दाविद रहाबी नावाचा ज्यू प्रवासी कोकणात आला. त्याला शंका आली की ही माणसं आपली तर नव्हेत? त्याने काय केलं, तर बायकांच्या पुढ्यात मिसळ मासे ठेवले आणि रांधायला सांगितलं. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे घेतले, बाकीचे बाजूला टाकले. ज्यू धर्मात पर आणि खवले नसलेलं पाण्यातलं काही चालत नाही. म्हणजे पापलेट चालेल, रावस चालेल, पण मुशी, शिंगाळा, कोळंबी, चिंबोरी चालणार नाही. सातपाटीच्या बंदरावर मासळी निवडणाऱ्या आपल्या बहिणींना हे चटकन कळेल. पुस्तक नव्हतं, पुरोहित नव्हता. शतकानुशतके आईने लेकीला चुलीपाशी सांगितलेलं ज्ञान त्या टोपलीतून दिसलं. आणि गंमत बघा, मुसलमानांतही याच प्रश्नावर मतं आहेत. कोकणी मुसलमान शाफई पंथाचे, त्यांना समुद्रातली सगळी मासळी चालते. पण शियांना, बोहरी समाजाला खवले नसलेला मासा चालत नाही.

रहाबीने झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर या तीन घराण्यांतल्या माणसांना धर्म शिकवला, असं ते सांगतात. त्यांना म्हणू लागले काजी! ज्यूंच्या धर्मगुरूला काजी. प्रार्थनामंदिराला कोकणातले ज्यू म्हणत मशीद. सामुएल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत मांडवीला बांधलेलं पहिलं प्रार्थनामंदिर तर जुनी मशीद म्हणूनच प्रसिद्ध. मस्जिद बंदर स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. आपण २०१४ पर्यंत ज्या जिल्ह्यात होतो त्या ठाण्याला १८७९ सालचं त्यांचं प्रार्थनामंदिर आहे. उपवासाला ते रोजा म्हणत, आणि त्यांच्या उपवासाच्या एका महिन्याला चक्क रमजान म्हणत. सणांची नावं मात्र मराठी, खिरीचा सण, बिरड्यांचा सण. नवस फेडायला एलियाहू नबीच्या नावाने मलिदा करतात, पोहे, गूळ, खोबरं आणि फळं घालून. कोकणातल्या दर्ग्यावरही मलिदाच चढतो. एलियाहू नबी संकटात अवचित भेटतो असं ज्यू मानतात. ख्वाजा खिज्र हे पाण्यावरच्या माणसाला तारतात असं मुसलमान खलाशी मानत आले. देशोदेशीच्या लोककथांत या दोघांची सरमिसळ झालेली आहे.

शिकण्याची त्यांची जिद्दही मोठी. १८४६ साली मुंबईत आणि १८७४ साली पुण्यात त्यांच्या वल्हांडण सणाची पोथी हिब्रू आणि मराठीत छापली गेली. त्या सणाला रात्री घरातलं सर्वांत लहान मूल प्रश्न विचारतं, आजची रात्र वेगळी का? आणि बापाने सांगायचं की आपण मिसर देशात गुलाम होतो, तिथून सुटलो. दरवर्षी सांगायचं. चुकवायचं नाही. बंधूंनो, आपल्या घरात १४ एप्रिलला, १४ ऑक्टोबरला लहान पोराला असा प्रश्न विचारायला आपण शिकवलं आहे का? डीजे लावायला शिकवलं, पण प्रश्न विचारायला?

एकाच माणसापासून

आता मुख्य मुद्दा सांगतो. मिश्नामध्ये न्यायालयाचा भाग आहे. फाशीच्या खटल्यात साक्ष देणाऱ्याला आधी ताकीद द्यायची. काय ताकीद? की देवाने सुरुवातीला एकच माणूस निर्माण केला. का, तर जो एका जिवाचा नाश करतो त्याने जणू साऱ्या जगाचा नाश केला, आणि जो एक जीव वाचवतो त्याने जणू सारं जग वाचवलं, हे कळावं म्हणून. आणि दुसरं कारण त्याहून आपल्याला जवळचं. कोणी कोणाला माझा बाप तुझ्या बापापेक्षा श्रेष्ठ असं म्हणू नये म्हणून!

कुराणाच्या पाचव्या सूऱ्यात हाच विचार येतो. आणि इस्राएलच्या लोकांना आम्ही हे सांगितलं होतं, असा उल्लेख करून येतो. पैगंबर साहेबांच्या शेवटच्या हजच्या वेळच्या प्रवचनात सांगितलं गेलं की, तुमचा पिता एकच आहे, अरबाला बिगर-अरबावर आणि गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही, ते फक्त सदाचरणाने मिळतं. आपल्याकडे सुत्तनिपातातल्या वासेट्ठ सुत्तात तथागतांनी हेच समजावलं. झाडांत, किड्यांत, पक्ष्यांत जाती असतात, तशी माणसामाणसांत जन्माने जात दाखवता येत नाही. याच्या उलट, एका पुरुषाच्या तोंडातून एक आणि पायातून दुसरा, अशी उत्पत्ती ज्यांनी सांगितली त्यांनी काय केलं ते आपण भोगलंच आहे.

इतकी मोठी शिकवण कानात असूनही माणसं कशी वागली? मिश्नातल्या त्या वचनाच्या काही हस्तलिखितांत एक शब्द जास्त आहे. जीव या शब्दाऐवजी इस्राएलाचा जीव. अभ्यासक सांगतात, तो शब्द मागाहून शिरला. एका शब्दाने सारी मानवजात बाहेर आणि एक जमात आत!

कोकणातच बेने इस्रायलांत गोरे आणि काळे असे दोन गट झाले. ज्यांच्या आया बाहेरच्या समाजातल्या ते काळे. त्यांच्याशी रोटी-बेटी नाही. पुढे बगदादहून श्रीमंत ज्यू मुंबई-पुण्याला आले. ते तर साऱ्याच बेने इस्रायलांना कमी लेखू लागले. १९४८ नंतर हे लोक मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. तिथे १९६२ साली मुख्य धर्मपीठाने फर्मान काढलं की, बेने इस्रायल माणूस दुसऱ्या ज्यूशी लग्न करणार असेल तर त्याच्या पूर्वजांची चौकशी करा. कारण काय, तर तोंडी तोरातले घटस्फोटाचे आणि विधवेच्या लग्नाचे नियम कोकणात माहीत नव्हते, म्हणून यांच्या वंशशुद्धीची शंका! ज्या परंपरेने माझा बाप श्रेष्ठ म्हणू नको असं सांगितलं, तिच्याच नावाने बापजाद्यांची चौकशी. आपल्या कोकणी माणसांनी जेरुसलेमला धरणं धरलं, सत्याग्रह केला. १९६४ साली तिथल्या संसदेने त्यांच्या बाजूने ठराव केला आणि धर्मपीठाला माघार घ्यावी लागली. मुसलमानांतही अश्रफ आणि अजलाफ असे भेद आहेत. बाबासाहेबांनी पाकिस्तानवरच्या आपल्या ग्रंथात ते स्पष्ट मांडले. महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसींना त्यासाठी चळवळ करावी लागली.

यातून काय शिकायचं? तोंडातून कानात चांगलंही जातं आणि विषही जातं. मी एक नाव घेतलं होतं, उपालीचं. बुद्धाच्या संघात न्हाव्याच्या तोंडून विनय ऐकला गेला. थेरींनी आपल्या गाथा स्वतः रचल्या आणि त्या जपल्या गेल्या. पैगंबर साहेबांच्या पत्नी हजरत आयेशा यांच्याकडून दोन हजारांहून जास्त हदीस आल्या. आणि आपल्या देशात? श्रुती आणि स्मृती ही नावंच ऐकण्याची आणि आठवण्याची. पण शूद्राने ऐकायचं नाही, बाईने म्हणायचं नाही. म्हणून २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळावी लागली. तो महाडही त्याच रायगड जिल्ह्यातला, जिथे शनिवार तेल्यांचा घाणा फिरत होता.

तेव्हा परंपरा जुनी आहे की नवी, आपली आहे की परकी, हे विचारून भागत नाही. कालाम लोकांनी तथागतांना विचारलं होतं, इतके गुरू येतात, कोणाचं खरं मानू? तेव्हा त्यांनी सांगितलं की, ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आलं आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरूने सांगितलं म्हणून मानू नका. ते कुशल की अकुशल, त्याने हित होतं की दुःख, हे स्वतः पारखा. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये हीच कसोटी खुद्द बुद्धवचनालाही लावली. भाणकांच्या तोंडून येताना बुद्धाच्या शब्दांची चुकीची नोंद झाली असेल, तर ओळखायचं कसं? जे बुद्धीला आणि तर्काला धरून नाही, जे माणसाच्या कल्याणाशी संबंधित नाही, ते बुद्धाचं मानू नये, अशी त्यांची कसोटी. आपल्याच ग्रंथाला हा चाप लावण्याचं धैर्य ज्याने दाखवलं, त्याच्या अनुयायांनी टपरीवर ऐकलेली गोष्ट तपासल्याशिवाय पुढे ढकलावी का?

आपण काय करायचं?

आपल्या जिल्ह्यात नालासोपाऱ्याला सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे सापडले आहेत, तिथला स्तूप १८८२ साली उकरला गेला. ते आपलं वैभव. त्याच अशोकाच्या गिरनारच्या बाराव्या शिलालेखाचा आशय असा आहे की, जो आपल्या पंथाची फाजील स्तुती करतो आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा करतो, तो आपल्याच पंथाचं नुकसान करतो. सर्वांनी एकमेकांचा धर्म ऐकावा आणि बहुश्रुत व्हावं. बहुश्रुत, म्हणजे पुष्कळ ऐकलेला.

म्हणून समितीपुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, वस्तीतल्या ज्या आजी-आजोबांनी गावकीची कामं सोडलेली आठवतात, ज्यांच्या घरात दीक्षेची पहिली गोष्ट सांगितली जाते, त्यांचं बोलणं मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून वहीत उतरवा. नाव, गाव, साल घाला, आणि हदीसवाल्यांसारखं कोणाकडून ऐकलं तेही लिहा. ही माणसं आपले भाणक आहेत आणि दरवर्षी त्यांतली काही आपल्याला सोडून जातात. दुसरी, रविवारच्या बालसंस्कार वर्गात मुलांना आधी प्रश्न विचारू द्या, मग उत्तर सांगा. तिसरी, वर्षावासात एक दिवस शेजारच्या मशिदीतल्या जाणत्या माणसाला विहारात बोलवा. त्यांच्याकडून ऐका आणि आपलंही सांगा. बेने इस्रायल आता भारतात काही हजारच उरले आहेत. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. ठाण्याच्या त्यांच्या प्रार्थनामंदिरालाही परवानगी घेऊन मुलांची सहल नेता येईल.

आणि घरोघरी एक नियम करा. कोणत्याही समाजाबद्दल वाईट गोष्ट कानावर आली तर ती कोणाकडून आली हे विचारायचं. साखळी सांगता आली नाही, तर ती गोष्ट तिथेच थांबवायची. एखाद्या अफवेवरून वस्ती पेटते आणि कोणाचं तरी पोर मरतं. एक जीव गेला की सारं जग गेलं, हे ज्यूंनी सांगितलं, मुसलमानांनी सांगितलं, आणि आपल्या पंचशीलाची पहिली पायरीच जीवहत्येपासून दूर राहण्याची आहे. जो माणूस अफवा थांबवतो तो एखादा जीव वाचवत असतो, मग त्याचं नाव कोणाला कळो अथवा न कळो.



नमो बुद्धाय! जयभीम!